यादी वाढते, पण वाचक टिकतो का? ‘किर्लोस्कर खबर’ आणि न्यूजलेटरच्या धंद्याचा हिशोब

मागच्या महिन्यात शहाद्याहून एका ज्युनिअरचा फोन आला. एम.एस्सी. झालंय, सेटचा अभ्यास चालू आहे, घरी थोडी शेती. म्हणाला, “ताई, पीएच.डी.ला नंबर लागला तरी फेलोशिप कधी सुरू होईल याचा भरोसा नाही. तोवर ईमेल न्यूजलेटर सुरू करावं म्हणतो. एक ऑनलाइन कोर्स आहे, नऊ हजार फी. त्यात सांगतात की दहा हजार ईमेल पत्ते जमवायचे. त्यातले पाच टक्के लोक महिन्याला शंभर रुपये देतात. म्हणजे पन्नास हजार रुपये महिना, बसल्या जागी. भरू का फी?”

मी म्हटलं, चार दिवस थांब, मग सांगते.

नऊ हजार ही त्याच्या घरी लहान रक्कम नाही. आणि खरं सांगायचं तर मला लगेच उत्तर देता येत नव्हतं, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसले आहे. ते पुढे सांगतेच. आपण या ब्लॉगवर पेपर कसा वाचायचा, त्यातला दावा कसा तपासायचा हे बघत असतो. या वेळी पेपरऐवजी हा दावाच तपासायला घेऊ. पद्धत तीच.

दावा नेमका काय आहे?

कोणत्याही पेपरवर लिहिताना पहिलं काम म्हणजे दावा एका वाक्यात मांडणं. इथे तो असा: “आधी यादी जमवा, मग पत्र पाठवा, मग पैसे मागा. यादी मोठी असेल तर नफा होतो.”

यात दोन गोष्टी दडल्या आहेत. एक, कारण म्हणजे यादीचा आकार आणि परिणाम म्हणजे नफा. दोन, क्रम ठरलेला: यादी, पत्र, पैसा. दोन्ही तपासाव्या लागतील.

पुरावा म्हणून अशा कोर्समध्ये यशोगाथा दिलेल्या असतात. सगळ्यात आवडती ‘मॉर्निंग ब्रू’ची. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये रोज सकाळी जाणारं धंद्याच्या बातम्यांचं पत्र सुरू केलं, आणि २०२० मध्ये ‘बिझनेस इनसायडर’वाल्यांनी त्यातला मोठा हिस्सा विकत घेतला. दुसरी गाथा बेन थॉम्पसन यांच्या ‘स्ट्रॅटेचरी’ची. एकटा माणूस, २०१३ पासून तंत्रज्ञान कंपन्यांवर लिहितो आणि वर्षभरानंतर वाचकांकडून वर्गणी घ्यायला लागतो.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण बारकाईने बघा, दोन्हींचा नफा वेगवेगळ्या ठिकाणाहून येतो. पहिलं पत्र वाचकाला फुकट आहे, पैसे जाहिरातदार देतात. तिथे लाखो वाचक लागतात, कारण विकायचं असतं वाचकांचं लक्ष. दुसऱ्यात पैसे वाचक देतो. तिथे थोडे वाचक चालतात, पण ते देणारे हवेत. कोर्स काय करतो, तर आकडा पहिल्या गोष्टीचा घेतो (मोठी यादी) आणि कमाई दुसऱ्या गोष्टीची (वर्गणी), आणि दोन्ही जोडून पन्नास हजार काढतो. म्हणजे दोन वेगळ्या प्रयोगांचं रीडिंग एकाच तक्त्यात भरायचं. प्रॅक्टिकलला असं केलं असतं तर मॅडमनी जर्नल फेकून दिलं असतं.

शिवाय छेद कुठे आहे? पाच टक्के म्हणजे शंभरातले पाच, पण ते शंभर कोण? कोर्स करून पत्र सुरू केलेल्या सगळ्यांची सरासरी, की ज्यांचं जमलं त्यांचीच? जे सहा महिन्यांत थांबले ते त्या हिशोबात नसतात. मागच्या वर्षी आपण ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ वाचला होता, आठवतंय ना? बुडालेल्या होड्या बंदरावर येऊन साक्ष देत नाहीत.

जवळचं उदाहरण: किर्लोस्करवाडी

अमेरिकेतल्या गोष्टी सोडून आपल्याकडचं काही आहे का, हे शोधताना मला जी केस सापडली ती शंभर वर्षांपूर्वीची आहे. ईमेल नव्हता, पण पत्ते होते, टपाल होतं, वर्गणी होती. म्हणजे न्यूजलेटरचा सांगाडा सगळा होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आपला कारखाना बेळगावहून औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर हलवला. आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे आणि स्टेशनचंही नाव किर्लोस्करवाडी आहे. माल काय, तर कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असं तेव्हा शेतकरी म्हणत आणि घ्यायला तयार नसत, ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचली असेल. म्हणजे कारखान्यापुढचा खरा प्रश्न नांगर बनवण्याचा कमी आणि भरवसा बसवण्याचा जास्त होता.

१९२० मध्ये त्या कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं पत्र काढलं. संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे, पेशाने चित्रकार. लोक त्यांना शंवाकि म्हणून ओळखतात. ‘खबर’ हे नावच बघा. ते साहित्याचं मासिक नव्हतं. कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोचावी, त्यांच्याशी संबंध राहावा म्हणून काढलेलं गृहपत्र. आजच्या भाषेत कंपनीचं न्यूजलेटर.

पुढे काय झालं ते मराठी वाचकांच्या घरातल्या मोठ्या माणसांना माहीत आहे. दहा-एक वर्षांत नावातली ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्रात घरोघरी जाणारं मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. तीन मासिकं, तीन वेगळे वाचकवर्ग. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध १९३० च्या दशकात ‘किर्लोस्कर’मध्येच आले. म्हणजे नांगराच्या जाहिरातीसाठी निघालेलं पत्र पोथीपुराणावर वाद घालायला लागलं, आणि त्या वादासकट लोक ते पैसे देऊन घेत होते.

आता आपल्या दाव्याशी ताडून बघा. कोर्सचा क्रम होता: यादी, पत्र, पैसा. किर्लोस्करवाडीचा क्रम: माल, गिऱ्हाईक, मग पत्र, आणि शेवटी पत्रासाठी पैसा. यादी ‘जमवावी’ लागली नाही. नांगर विकताना ती आपोआप तयार झाली. आणि पत्राने पहिल्या दिवसापासून स्वतःचं पोट भरायची गरज नव्हती, कारण नांगर त्याचं पोट भरत होता. पत्राला चुका करायला, वाचक ओळखायला वेळ मिळाला.

एवढ्यावरून “आधी माल हवा, मगच न्यूजलेटर चालतं” असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मलाही झाला. फोनवर तेच सांगणार होते. पण मॉर्निंग ब्रूकडे कुठे नांगर होता? थॉम्पसनकडे तर काहीच नव्हतं, लिहिणं हाच माल. म्हणजे एका उदाहरणाने माझाही निष्कर्ष मोडला. संशोधनात हे चांगलंच लक्षण. तुमच्या आवडत्या निष्कर्षाला मोडणारं उदाहरण तुम्हीच आधी शोधलं पाहिजे, नाहीतर व्हायवाला ते समोरचे शोधतात.

मग तिन्हींत समान काय? जॉन स्टुअर्ट मिलची साम्य-पद्धत मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण पाठ करतो: परिणाम सारखा असेल, बाकी सगळं वेगळं असेल, तर जे समान उरतं त्याच्यावर संशय घ्या. इथे माल वेगळा, काळ वेगळा, पैसे देणारा वेगळा. समान उरतं ते हे: वाचकाची गरज पुन्हा पुन्हा उभी राहते. नांगराचा फाळ झिजतो, बदलावा लागतो. हंगाम दरवर्षी येतो. धंद्याची बातमी रोज सकाळी नवी असते. तंत्रज्ञान कंपन्या दर आठवड्याला काहीतरी नवं करतात. गरज एकदा भागली आणि संपली असं होत नाही.

आता हे नुसतं शब्दात ठेवू नका. आकड्यात टाकू.

यादी म्हणजे फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शन

मी रसायनशास्त्राची, म्हणून मला हे असंच दिसतं. समजा तुमची एक हजारांची यादी आहे आणि २ टक्के लोक महिन्याला १०० रुपये देतात. (पाच टक्क्यांवर माझा विश्वास नाही, म्हणून दोन धरते. तुम्ही तुमचा आकडा टाका.) म्हणजे २० जण, महिन्याला २००० रुपये. सबस्टॅकसारखा प्लॅटफॉर्म १० टक्के घेतो, पैसे वळते करणारे आणखी काही कापतात. हातात साधारण १७५० रुपये. आठवड्याला एक पत्र, एका पत्राला वाचन, लेखन, तपासणी धरून दहा तास. महिन्याला ४० तास. तासाला जवळपास ४४ रुपये. २०२४–२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती, आठ तासांनी भागलं तर ३७. म्हणजे एम.एस्सी. करून, इंटरनेट आणि लॅपटॉपचा खर्च स्वतः करून, आपण रोहयोपेक्षा तासाला सात रुपये जास्त मिळवतो. ‘बसल्या जागी’ हे मात्र शंभर टक्के खरं.

पण खरी गोम यापुढे आहे. पैसे देणाऱ्यांतले काही दर महिन्याला सोडून जातात. समजा ५ टक्के जातात. हा आकडा ऐकायला लहान वाटतो. बारा महिन्यांनी मूळच्या वीसांपैकी किती उरले? ०.९५ चा बारावा घात काढा: ०.५४. म्हणजे अकरा जण. अर्धायुष्य काढलं तर साडेतेरा महिने येतं. कुणीही न भांडता, न रागावता, यादी सव्वा वर्षात अर्धी होते.

हरकत नाही, नवे येतील, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. समजा दर महिन्याला ५० नवे पत्ते मिळतात आणि त्यातले २ टक्के पैसे देतात, म्हणजे महिन्याला एक नवा वर्गणीदार. येणारा एक, जाणारे पाच टक्के. स्थिर अवस्था कुठे येईल? जिथे येणारे आणि जाणारे सारखे होतात तिथे. एक भागिले ०.०५, म्हणजे वीस. तुम्ही वर्षानुवर्षं दर महिन्याला पन्नास पत्ते जमवत राहाल आणि यादी वीस वर्गणीदारांवरच थांबलेली राहील. टाकीला वरून नळ चालू आणि खाली भोक. पाण्याची पातळी दोन्हींनी मिळून ठरते.

आता दोन उपाय. नळ दुप्पट करा, म्हणजे महिन्याला शंभर पत्ते. स्थिर संख्या चाळीस. किंवा भोक निम्मं करा, म्हणजे सोडून जाण्याचं प्रमाण अडीच टक्क्यांवर आणा. स्थिर संख्या तीच, चाळीस. गणिताला दोन्ही उपाय सारखे. पण पहिल्यात तुम्ही आयुष्यभर अनोळखी माणसांच्या मागे धावता, दुसऱ्यात जे आहेत त्यांच्यासाठी चांगलं लिहिता. कोर्स फक्त नळाबद्दल शिकवतो, कारण नळ कसा सोडायचा याची युक्ती विकता येते. भोक बुजवायची युक्ती नसते. तिथे विषय आणि वाचक यांचं नातं लागतं.

आणि ‘पुन्हा उभी राहणारी गरज’ म्हणजे काय, तर याच गणितातलं भोक लहान असणं. किर्लोस्करवाडीला जे साधलं ते मला तरी हेच वाटतं.

माझं सोमवारचं पत्र

आता माझी गोष्ट. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी ‘पेट’ आणि सेटची तयारी करणाऱ्यांसाठी दर सोमवारी एक ईमेल पाठवायला सुरुवात केली. रसायनशास्त्राचा एक मुद्दा आणि संशोधन पद्धतीचा एक मुद्दा, मराठीतून. कारण आमच्याकडे तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडून येणारी मुलं घरी पावरी, मावची, भिलोरी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि एम.एस्सी.ला अचानक सगळं इंग्रजीत येतं. मधला पूल म्हणून मराठी नोट्स हव्यात असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

पहिल्या चार महिन्यांत २१४ पत्ते झाले. मला वाटलं, जिंकलं! मग पन्नास रुपये महिना मागून बघितले. नऊ जणांनी दिले. परीक्षा झाली, निकाल लागला, आणि दोन महिन्यांत नऊचे दोन झाले.

मला खूप वाईट वाटलं होतं. पत्र खराब आहे असं धरून मी महिनाभर काही पाठवलंच नाही. नंतर एकेकाला फोन केले तेव्हा कळलं की तसं काही नव्हतं. जे पास झाले त्यांना गरज उरली नाही. जे नापास झाले त्यांनी पुढच्या जाहिरातीपर्यंत पुस्तकं मिटली. म्हणजे माझं पत्र जितकं चांगलं, तितका वाचक लवकर सोडून जाणार! त्या धंद्याचं भोक मी काहीही केलं तरी मोठंच राहणार होतं. वर मार्च २०२४ मध्ये यूजीसीने पीएच.डी. प्रवेशासाठी नेटचे गुण वापरायची वाट काढली, तेव्हा तर ‘पेट’साठी म्हणून लिहिलेल्या अंकांची किंमत एका परिपत्रकाने उतरली.

आणि जे दोघं राहिले ते कोण? दोघेही कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणारे शिक्षक. एक सर म्हणाले, “मॅडम, तुमचं पत्र मी सोमवारी वाचतो आणि मंगळवारी वर्गात वापरतो.” त्यांचा वर्ग दरवर्षी नवा असतो. त्यांची गरज संपत नाही. मी पत्र लिहीत होते विद्यार्थ्यांसाठी, टिकलेला वाचक निघाला शिक्षक. हे मला २१४ या आकड्याकडे बघून कधीच कळलं नसतं. दोन या आकड्याकडे बघून कळलं.

मोजपट्टीच वाकडी असेल तर?

तुम्ही विचाराल, २१४ जण पत्र उघडतात का हे आधीच दिसत नव्हतं का? दिसत होतं. ‘ओपन रेट’ ५० टक्क्यांच्या वर होता. पण हे साधन कसं चालतं ते माहीत करून घ्या. पत्रात डोळ्यांना न दिसणारं एका ठिपक्याएवढं चित्र दडवलेलं असतं. ते चित्र सर्व्हरवरून उतरलं की सॉफ्टवेअर समजतं, पत्र उघडलं. सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये असा पर्याय आला की माणसाने पत्र उघडो न उघडो, चित्रं आधीच उतरवून ठेवली जातात. म्हणजे न वाचलेलं पत्रही वाचलं म्हणून मोजलं जातं. उलट, ज्यांनी डेटा वाचवायला चित्रं बंद ठेवली आहेत त्यांनी पत्र शब्द न् शब्द वाचलं तरी मोजलं जात नाही. एकाच साधनात दोन उलट्या दिशांच्या चुका. या ‘रँडम एरर’ नाहीत, की सरासरी काढली आणि गेल्या. ही ‘सिस्टिमॅटिक एरर’ आहे, वाचक कोणता फोन वापरतो यावर बदलणारी. तिच्यावर धंद्याचा अंदाज बांधायचा म्हणजे शून्य न जुळवलेल्या तराजूवर वजन करायचं.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक भानगड. बऱ्याच मुलांचा ईमेल आयडी हा फॉर्म भरताना सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला असतो. पासवर्ड त्याच्या वहीत. मुलगा तो मेल पुढच्या फॉर्मलाच उघडतो. देशातला पहिला आधार क्रमांक २०१० मध्ये आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला, त्यामुळे नोंदणी आणि उपयोग यातलं अंतर आम्हाला कुणी वेगळं समजावून सांगायला नको. पत्ता यादीत असणं म्हणजे माणूस समोर असणं नाही.

कोर्सवाले जे ‘पत्ते जमवा’ म्हणतात त्यात अजून एक धोका आहे. मेरिट लिस्टमधून, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून उचललेल्या पत्त्यांवर न विचारता पत्र टाकू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत: एका क्लिकवर नाव काढता आलं पाहिजे आणि स्पॅमची तक्रार ०.३ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. हजारात तीन. न विचारता जमवलेली दहा हजारांची यादी ही अशी स्वतःलाच बुडवते.

मग मोजायचं काय? माझं उत्तर: मुदत संपल्यावर पुन्हा पैसे भरणारे किती, आणि पत्राला उलट उत्तर लिहिणारे किती. दोन्ही आकडे लहान येतात. लाज वाटते. पण त्यांच्यात चूक शिरायला जागा कमी असते.

या केसच्या मर्यादा

आता माझ्याच मांडणीची परीक्षा घेते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई दुसऱ्यांनाच नियम सांगते.

एक, किर्लोस्करांची केससुद्धा जिंकलेल्याची आहे. शंवाकिंनी ‘शंवाकिय’ हे आत्मचरित्र लिहिलं. आत्मचरित्र हा मोलाचा पुरावा असतो, पण तो ज्याचं जमलं त्याने दिलेला असतो. त्यांच्याच काळात निघालेली आणि मिटलेली गृहपत्रं आपल्यापर्यंत आत्मचरित्र घेऊन येत नाहीत. माझं सोमवारचं पत्र हे फसलेलं उदाहरण मी म्हणूनच मुद्दाम जोडलं, पण तेही एकच आहे.

दोन, त्यांच्यामागे कारखाना होता, भांडवल होतं, संस्थानिकाचा आधार होता. शहाद्याच्या मुलामागे यातलं काही नाही. म्हणून ‘किर्लोस्करांनी केलं तसं कर’ हा सल्ला होऊ शकत नाही. केसमधून तत्त्व घ्यायचं, कृती नाही.

तीन, टिकणारी गरज पुरेशी नाही. ‘सत्यकथा’चं उदाहरण घ्या. मराठी नवसाहित्यात तिचा दबदबा किती होता हे मराठीवाल्या मैत्रिणींना विचारा. १९८२ मध्ये ती बंद झाली. दर्जा आणि नफा ही दोन वेगळी चलं आहेत. एकावरून दुसऱ्याचा अंदाज करू नका, दोन्ही दिशांनी. ‘दर्पण’ तर १८४० मध्येच थांबलं, आणि तरी मराठी पत्रकारितेचा दिवस आपण त्याच्याच ६ जानेवारीला पाळतो. बंद पडलेली गोष्ट फुकट गेली असा अर्थ नाही. फक्त तिला ‘नफ्याचा धंदा’ म्हणून विकू नये.

मग त्याला काय सांगितलं?

चार दिवसांनी फोन केला. म्हटलं, फी भरू नकोस. न्यूजलेटर मात्र सुरू कर, पण उलट्या बाजूने. आधी अशी वीस माणसं शोध ज्यांना एकच अडचण दर महिन्याला येते आणि ती सोडवण्याइतकं तुला येतं. वीस सापडली नाहीत तर विषय बदल, यादी वाढवू नकोस. त्यांना तीन महिने फुकट लिही, कागदावर तास मांडत जा. तीन महिन्यांनी पत्र एक आठवडा पाठवू नकोस. “या वेळी आलं नाही का?” असं विचारणारे किती निघतात ते मोज. तो तुझा खरा आकडा. त्यानंतर पैशांचं बोल.

तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, “ताई, आमच्याकडे मिरची आहे. नंदुरबारच्या मार्केटचा भाव रोज लिहिला तर?” मी म्हटलं, भाव तर व्यापाऱ्याच्या फोनवर तुझ्या आधी पोचतो, त्यासाठी तुला कोण पैसे देईल? त्यावर त्याने जे विचारलं ते मला आवडलं: “मग भाव का पडला हे लिहिलं तर?”

मला माहीत नाही त्याचं चालेल की नाही. पण हा प्रश्न दहा हजार पत्त्यांपासून सुरू होत नाही, त्याच्या बापाच्या शेतातून सुरू होतो, आणि दर हंगामाला पुन्हा उभा राहतो. रिसर्चचा प्रश्नही असाच निवडायचा असतो, हे मी त्याला सांगितलं नाही. सिनॉप्सिस लिहायला बसेल तेव्हा त्याचं त्यालाच कळेल.

आणि सोमवारचं पत्र? ते मी परत सुरू केलंय, आता शिक्षकांसाठी. सध्या अकरा जण आहेत. मागच्या सोमवारी प्रयोगशाळेच्या कामात ते राहून गेलं. मंगळवारी सकाळी पाच जणांचे मेसेज होते.